राणीचा डावा डोळा

गणपतीच्या आधीचा आठवडा आला की आमच्या कुंभार गल्लीत माझ्याशी शहाणा माणूस बोलत नाही. बोललं तर ही चावते, असं आमच्या मालकांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि ते अगदीच खोटं नाही. त्या आठवड्यात मी डोळे आखत असते. बाकी मूर्ती कुणीही करावी. साच्यातनं काढावी, घासावी, रंग मारावा, दागिने चढवावेत. डोळे मात्र आमच्या कारखान्यात माझ्याशिवाय कुणी आखत नाही. शेजारच्या कारखान्यांतसुद्धा मोठी मूर्ती असली की मला बोलावणं येतं. मी जाते, चहा घेते, सगळ्यांना बाहेर काढते आणि आखणी करते. यात मिरवण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा बारीक ब्रश घेऊन शिडीवर चढावं आणि बारा फुटी मूर्तीच्या समोर हात न हलवता उभं राहून दाखवावं.

हे काम मला सासऱ्यांनी दिलं. मामंजींना तीन मुलगे. तिघंही कामाला वाघ, पण आखणीला बसले की मूर्ती एक तर रागावलेली दिसायची, नाही तर झोपाळलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसता रंग कालवून द्यायचे. तीन-चार वर्षं तेच केलं. मग एका दुपारी मामंजींनी धाकट्या दिराच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, तू बस." दीर चार दिवस तोंड फुगवून जेवले. मामंजींनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे, हाताला कंप सुटलाय, पण कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात. बाहेर जाणारी प्रत्येक मूर्ती आधी त्यांच्यासमोर थांबते. कुठं टवका उडालाय, करंगळीचं पेर मोडलंय असं दिसलं की ती परत आत. "आपल्या दारातनं अधू मूर्ती जायाची न्हाय," हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकतेय.

एवढं सांगितलं म्हणजे पुढं जो घोळ झाला त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही.

तीन वर्षांमागं, संक्रांत नुकतीच झालेली, आमच्या दारात रिक्षा थांबली आणि पांढरी काठी टेकत एक गृहस्थ उतरले. अंध मुलांच्या शाळेत इतिहास शिकवत होते. स्वतः कॉलेजात असताना दिसायचं बंद झालेलं. मामंजी म्हणाले, "या पावणं, बसा. गणपतीला अजून टाइम हाय."

"गणपती नको," सर म्हणाले. "मला जग पाहिजे. एका खोलीत मावेल एवढं."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी चहा ठेवायला उठले, कारण असल्या माणसाला चहा लागतोच.

चहा घेता घेता सरांनी सगळं सांगितलं. उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. इतकी वर्षं मुलांना जुन्या जगातल्या मूर्ती, मुखवटे, मातीच्या पाट्या तोंडानं शिकवल्या. वस्तुसंग्रहालयात नेलं तर तिथं काच. काच नसेल तिथं 'हात लावू नये' ही पाटी. "माझ्या पोरांनी सगळ्या जगाची फक्त काच बघितलीय, वहिनी," ते म्हणाले. आता शाळेनं त्यांना एक खोली दिली होती. जाण्याआधी त्या खोलीत अकरा वस्तू मांडायच्या, मूळच्या मापाच्या, हात लावून बघता येतील अशा. पिशवीतनं त्यांनी फोटोंचा गठ्ठा काढला. एकेका वस्तूचे चारी बाजूंनी फोटो, मागं मापं लिहिलेली.

मी गठ्ठा घेतला आणि खरं सांगते, मला पहिल्याच फोटोला भूल पडली. इजिप्तची एक राणी. लांब मान, डोक्यावर उंच निळा मुकुट, ओठांवर हसू आहे की नाही ते कळू नये असं. त्याखाली ग्रीसची दगडी देवी. मग मोहेंजोदडोची कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली मुलगी, हातभर बांगड्या. इराकची मातीची पाटी, चिनी शिपायाचं डोकं, आफ्रिकेतल्या कुठल्या तरी राजाचं पितळी मस्तक, सिंहाच्या अंगाचा माणूस, हा तेवढा एकच मापानं लहान करायचा. आणि सगळ्यात शेवटी आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, जेमतेम वीतभर उंचीचा, रोमवाल्यांचा समुद्रदेव.

"ह्यो आपल्या हितं सापडला?" मामंजींनी विचारलं. "पंचगंगेच्या काठाला?"

"हो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी समुद्रापलीकडनं आणला."

"म्हंजे ह्यो बी पावणाच की," मामंजी म्हणाले, आणि काम पक्कं झालं.

ते तीन महिने मी कधी विसरणार नाही. आधी शाडूत नमुना, मग त्यावरनं रबराचा साचा, मग काथ्या घालून प्लास्टर. हात तेच, पण काम नवं. मातीच्या पाटीवरच्या अक्षरांच्या खुणा ब्रशनं काही केल्या उमटेनात, तेव्हा मी नदीकाठनं बोरू आणला, तिरका कापला आणि ओल्या मातीत दाबला. खूण अशी बरोबर उठली की मी ओरडलेच. चार हजार वर्षांपूर्वी कुणी माणूस असाच बसून मातीत बोरू दाबत होता आणि त्याचा हात मला कळला! आमच्या मालकांना मी हे रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "भाकरी गार व्हायलीय."

राणीच्या उजव्या डोळ्यात चकचकीत स्फटिक बसवलेला होता. तो मी गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडनं घासून घेतला. मागनं काळं मेण लावलं आणि खोबणीत बसवला. राणीनं माझ्याकडं बघितलं. खोटं सांगत नाही, मी हातातलं काम टाकून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

आता घोळ. त्या फोटोंतल्या अर्ध्या वस्तू मोडक्या होत्या. देवीला दोन्ही हात नव्हते, सिंहमाणसाचं नाक गेलेलं, नाचणाऱ्या मुलीला घोट्याखाली पाय नाहीत, समुद्रदेवाची वर केलेली मूठ रिकामी. आणि राणीचा डावा डोळा नव्हताच, नुसती पांढरी खोबण. आम्हाला वाटलं, जुन्या वस्तू, फुटल्या, त्यांच्याकडं दुरुस्त करायला कुणी नव्हतं. आपण नव्या करतोय तर पुऱ्या करू. सरांना विचारावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. शर्टाचं बटण तुटलेलं असलं तर शिंपी विचारतो का?

मग काय, मामंजींना हुरूप आला. नाक त्यांनी सांगितलं तसं थोरल्या दिरांनी केलं. नाचणाऱ्या मुलीला पाय दिले, पायात पैंजण दिले. समुद्रदेवाच्या मुठीत त्रिशूळ दिला. ग्रीसच्या देवीचा उजवा हात आशीर्वादाचा केला आणि डाव्या हातात कमळ. "हात रिकामं बरं दिसत न्हाईत बाईमाणसाचं," मामंजी म्हणाले. आणि राणीचा डावा डोळा मी केला. दुसरा स्फटिक घासून आणला, आठ दिवस त्या एका डोळ्यावर घालवले. उजव्याशी असा जुळला की कुणाचं बोट फिरलं तरी फरक कळू नये. माझ्या हातनं आजवर इतका चांगला डोळा झाला नव्हता. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक बघून गेले. मी मनातनं फुगले होते आणि ते लपवलंही नाही.

चैत्रात सर बघायला आले, म्हणजे हात लावून बघायला. आम्ही अकराच्या अकरा वस्तू ओळीनं मांडल्या. पाटीवर बोट फिरवून सर म्हणाले, "वा!" चिनी शिपायाच्या मिशीला हात लावून हसले. मग देवीपाशी आले. खांदा, दंड, कोपर. तिथं त्यांचा हात थबकला.

"वहिनी, हे काय?"

"हात."

"हिला हात नाहीत."

"आता हायत की," मामंजी खुर्चीतनं म्हणाले.

सरांची बोटं मनगटावरनं कमळापर्यंत गेली आणि ते असे हसले, असे हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. पैंजणांना हसले. त्रिशुळाला हात लावल्यावर म्हणाले, "हे मात्र बरोबर ओळखलंत बघा, याच्या हातात त्रिशूळच होता म्हणतात. पण काढा." आम्हीही ओशाळून हसत होतो. मग त्यांचा हात राणीच्या चेहऱ्यावर आला. उजवा डोळा. डावा डोळा. पुन्हा उजवा. त्यांचं हसू गेलं.

"हा डोळा कुणी केला?"

"मी," मी म्हणाले. अजूनही मला वाटत होतं की आता शाबासकी येणार.

"काढावा लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हात-पाय काढा, नाक काढा, मी एक शब्द बोलले नसते. पण डोळा! "सर, आमच्या घरातनं एका डोळ्याची मूर्ती बाहेर जात न्हाय," मी म्हणाले. "आणि फोटोत फुटलाय म्हणून मी फुटका करू? देखणी बाई हाय ती. तुमच्या पोरांना देखणी कळायला नको?"

सर स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "वहिनी, डोळस मूल ही राणी बघेल, उद्या पुस्तकात दुसरा फोटो बघेल, परवा मोबाईलवर. तुमचं चुकलं तर त्याला कळेल. माझी पोरं परत कुठं बघणार? तुमच्या हातनं त्यांच्या बोटाला जे लागेल ते त्यांना आयुष्यभर खरं. तुम्ही दोन डोळे दिलेत तर त्यांच्यासाठी जगात या राणीला दोन डोळे. मग मी इतकी वर्षं त्यांना काय शिकवलं?"

"मग दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या," मी म्हणाले.

आमचे मालक "अगं, अगं" करत होते. सर उठले, काठी घेतली, रिक्षात बसले. खोली उघडायला पंधरा दिवस राहिले होते.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मामंजी माझ्या बाजूचे होते, म्हणून तर मला जास्त त्रास होत होता. ते म्हणाले, "बरुबर केलंस." पण सरांचं ते 'परत कुठं बघणार' काही डोक्यातनं जाईना. तिसऱ्या दिवशी फोटोंचा गठ्ठा पिशवीत घातला. हे परत देऊन येते आणि एकदाचं तोंडावर सांगून येते, अशा बेतानं शाळेत गेले.

सरांचा तास चालू होता. दारात उभी राहिले. सर मुलांना सिंहमाणूस शिकवत होते. अजून वस्तू आल्या नव्हत्या म्हणून स्वतःचाच चेहरा पुढं केलेला, आणि नाकावर तळवा आडवा दाबून धरलेला. एकेक मूल येऊन हात लावत होतं. "इथं सपाट. नाक नाही." लगेच एक मुलगी म्हणाली, "कुणी तोडलं सर? पडलं का फोडलं?" दुसरा म्हणाला, "वाऱ्यानं झिजलं असंल." तिसरी म्हणाली, "लढाईत गेलं." वर्गात ही धमाल! जे शाबूत होतं त्याच्याबद्दल कुणी अक्षर विचारलं नाही. सगळे त्या नसलेल्या नाकाच्या मागं लागले होते. मी दारात उभ्या उभ्या वरमले. आमच्या थोरल्या दिरांनी केलेलं चाफेकळी नाक या पोरांच्या हाताला लागलं असतं तर ती 'बरं' म्हणून पुढं गेली असती.

पण डोळ्याचं अजून माझ्या गळी उतरत नव्हतं. तास संपायची वाट न बघता मी विचारलं, "राणीचा डोळा कुणी फोडला सर?"

माझा आवाज त्यांनी ओळखला. "या वहिनी. कुणी नाही फोडला. तो बसवलाच नव्हता."

"बसवला न्हाई? का?"

"ती देवळात सापडली नाही, राजवाड्यात नाही. एका मूर्तिकाराच्या कारखान्यात सापडली. वाळूखाली अख्खा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात प्लास्टरचे चेहरेही निघाले."

"प्लास्टरचे?"

"प्लास्टरचे. राणीसुद्धा आतनं दगड आणि वरनं प्लास्टरचा थर दिलेला. डोळा का नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात, ती विकायची नव्हतीच. कारखान्यातला नमुना होता, बघून काम करायला, शिकवायला."

मी मुलांच्या बाकावर मटकन बसले. कारण हे मला कुणा अभ्यासकानं सांगायची गरज नव्हती. आमच्या कारखान्यात फळीवर एक डोकं आहे. मामंजींच्या वडलांनी केलेलं. उजवी बाजू पुरी, डाव्या बाजूला डोळ्याच्या जागी नुसती खोबण. नवा माणूस शिकायला आला की त्यानं उजव्या डोळ्याकडं बघत डावीकडं मातीचा डोळा बसवायचा. चुकला की खरवडायचा, जमला तरी खरवडायचा, कारण उद्या दुसऱ्याला शिकायचंय. मी स्वतः त्यावर शिकले, रंग कालवायच्या त्या वर्षांत, मामंजी दुपारी आडवे झाले की. त्या डोक्याला आजवर कुणी अधू म्हटलं नाही. आणि मी अडाणी, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माझ्याच धंद्यातल्या माणसाचं शिकवायचं डोकं माल समजून पुरं करून बसले होते! मला लाज वाटली. आणि लाजेच्या खालनं असा काही अभिमान वर आला की काय सांगू. राणीचं असेना का, ते डोकं आमच्या जातीचं होतं, कारखान्याच्या जातीचं.

घरी येऊन मी राणी मामंजींच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी आमचं डोकं ठेवलं. सरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोटो डोळ्यांपाशी नेला, खोबणीच्या कडा बघितल्या, बराच वेळ बघितल्या.

"कडा न्हेमक्या हायत," ते म्हणाले. "फुटल्याली खोबण अशी नस्ती. हे मुद्दाम ठेवलंय उस्तादानं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो माल न्हवं पोरी. ह्यो घरातला हाय. काढ डोळा."

काढला. पातळ पात्याची सुरी कडेनं फिरवली आणि आठ दिवसांचं काम दोन मिनिटांत तळहातावर आलं. रडू आलं मला, उगाच कशाला लपवू. खोबण आतनं घासून, कडा फोटोबरहुकूम नेमक्या करायला आणखी चार दिवस लागले. नाक काढलं, पैंजण काढले. देवीचे हात थोरल्या दिरांनी करवतीनं कापले. कमळाचा हात मामंजींनी मागून घेतला. "ठेवा तिकडं फळीवर," म्हणाले, "पुढच्या लक्ष्मीला लागंल." तुटलेल्या जागा तुटल्यासारख्या दिसायला पाहिजेत, म्हणजे बोटाला खरखरीत लागल्या पाहिजेत. आयुष्यभर गुळगुळीत करायला शिकलेल्या माणसांना ते करताना किती जिवावर आलं असेल! मालक म्हणाले, "मोडायलाबी कसब लागतं की." पहिल्यांदा ते काहीतरी शहाण्यासारखं बोलले.

वस्तू शाळेत पोचवायच्या दिवशी मामंजी नेहमीसारखे दारात बसले होते. राणी त्यांच्यासमोर थांबली. त्यांनी हातानं खूण केली, जाऊ द्या. गल्लीतले दोघं-तिघं बघत होते. एकानं विचारलं, "म्हातारबा, एका डोळ्याची?" मामंजी म्हणाले, "तुला काय कळतंय? फुडं बघ."

खोली उघडायच्या दिवशी शाळेच्या दारावर मुलांनी पाटी लावली होती: 'हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.' खाली तेच ब्रेलमध्ये. पाहुणे बोलले, आणखी पाहुणे बोलले. मुलांची चुळबुळ चालली होती. मग एकदाचं त्यांना आत सोडलं. आमचं अख्खं घर भिंतीला टेकून उभं होतं. मुलांचे हात आमच्या कामावर पडले आणि खोलीत असा गलका उठला की मामंजींनी माझा दंड धरला. "घोटा तुटलाय बघ इथं!" "हिला हातच न्हाईत की!" "पाटीवर चिमणीचे पाय हायत!" मूर्तीला हात जोडणारी माणसं मी जन्मभर बघितली. मूर्तीला अशी मिठी मारणारी पहिल्यांदा बघत होते.

राणीपाशी ती नाकाचं विचारणारी मुलगी उभी होती. कबनूरची, आईवडील मागावर कापड विणतात. सुट्टीत घरी गेली की सुताच्या कांड्या भरते, असं सरांनी मला मागं सांगितलं होतं. तिची बोटं भुवईवरनं उतरली, स्फटिकावर थांबली, मग दुसऱ्या बाजूला खोबणीत गेली आणि तिथंच राहिली.

"काकू, ह्यो डोळा कोण बसवणार?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "हे शिकायचं डोकं हाय." आणि तिला सांगितलं, कारखान्यात कसं असतं, उजवा बघून डावा कसा करायचा, जमला तरी का खरवडायचा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मग मला शिकवा की."

खोलीतला आवाज एकदम खाली आला. कुणी एक पाहुणे मायेनं म्हणाले, "बाळ, ते डोळ्यांनी करायचं काम असतं." मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना म्हणाले, "तुम्ही जरा गप बसा." मालकांनी कपाळाला हात लावला.

वाटेत कुठं टवका उडाला तर हाताशी असावी म्हणून शाडूची गोळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती मी तिच्या हातात ठेवली. तिनं उजव्या डोळ्यावर परत बोट फिरवलं. मग स्वतःची पापणी मिटून तिच्यावर बोट फिरवलं. तळव्यावर गोळी केली आणि खोबणीत दाबली.

मी हात लावून बघितला. "बटाटा झालाय. काढ."

पाहुण्यांना वाईट वाटलं असेल. ती मात्र खुदकन हसली आणि काढला. दुसऱ्यांदा बसवला तेव्हा खालची पापणी जमली होती, वरची नव्हती. "नखानं," मी म्हणाले, "करंगळीच्या नखानं रेघ दे. हळू." तिनं दिली. सूत तुटलेलं बोटाला कळावं अशी बोटं होती तिची, घाई नव्हती, थरथर नव्हती. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि दोन्ही अंगठे दोन डोळ्यांवर ठेवले. वरची पापणी किंचित जाड होती. बाकी डोळा डोळा होता. मी किती जणांना शिकवलं, तिसऱ्या खेपेला हे कुणाला जमलं नव्हतं, मला स्वतःलाही नाही. माझा ऊर असा भरून आला की मी तिला सरळ सांगूनच टाकलं, "मला सहा महिने लागले होते."

मामंजी पुढं आले. कापरा अंगठा त्यांनी त्या ओल्या डोळ्यावर ठेवला, तिथं तो कापायचा थांबला असं मला वाटलं. "सुट्टीत पाठवा हिला कारखान्यात," ते सरांना म्हणाले.

मला आठवलं की याच सरांनी मी केलेला डोळा काढायला लावला होता. मी मुलीला म्हणाले, "आता खरवडायचा. वाईट वाटतंय?"

"न्हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याचा नंबर हाय की." आणि तिनं स्वतःच नखानं तो डोळा सोडवला, खोबण पुसली आणि माती माझ्या हातात दिली.

मी वळून बघितलं. तिच्या मागं रांग लागली होती, दारापर्यंत. रांगेच्या शेवटी, काठी भिंतीला टेकवून, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर दुमडून सर उभे होते.